जगभरचे शेअर असलेला बॅलन्स्ड फंड निवडताना रोख्यांचं पान आधी उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४४, नोकरीची अजून सोळा वर्षं, रोज बाजार बघायला वेळ नाही. म्हणून एकच बॅलन्स्ड फंड हवा, ज्यात शेअर आणि रोखे (सरकारला किंवा कंपन्यांना व्याजाने उसने दिलेले पैसे) दोन्ही असतील आणि शेअर फक्त स्वतःच्या देशातले न राहता जगभरचे असतील. तीन फंड तुम्ही बाजूला काढलेत. पहिल्याचा गेल्या पाच वर्षांचा परतावा सर्वांत जास्त, दुसरा जुना आणि नावाजलेला, तिसरा इंडेक्सवर चालणारा, म्हणजे ठरलेल्या निर्देशांकात असेल तेच घेणारा, स्वस्त. ‘मग पहिलाच घ्यावा ना?’ असं तुम्ही विचारलंय. सोबत तिन्ही फॅक्टशीटमधले (फंडाच्या माहितीच्या पत्रकातले) आकडे दिलेत हे फार बरं केलंत. उत्तर त्या आकड्यांतच दडलंय.

गेली बावीस वर्षं मी लोकांच्या गुंतवणुकीचं नियोजन करतोय. बॅलन्स्ड फंड मागणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा सर्वांत जास्त परतावा नको असतो. त्याला असा फंड हवा असतो की बाजार कोसळला तरी त्यातून घाबरून पैसे काढावेसे वाटणार नाहीत. तुमच्याही प्रश्नात तेच दिसतं. ‘२०२० मध्ये मी सगळं विकून मोकळा झालो होतो’ हे तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं ते सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. पुढचं सगळं मी त्यालाच धरून लिहितोय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. निवृत्तीनंतर तुमचा खर्च कोणत्या चलनात होणार, पेन्शन किंवा घरभाड्यासारखं ठरलेलं उत्पन्न असेल का, कर्ज किती आहे आणि तुमच्या देशात अशा फंडावर कर कसा लागतो, यांवर उत्तर थोडं इकडे-तिकडे सरकेल. करातल्या फरकामुळे तर चांगला फंडही कधीकधी बाजूला ठेवावा लागतो. तेवढं तुमच्याकडच्या कर सल्लागाराला नक्की विचारा.

आता पहिल्या फंडाचा परतावा. तो पुढे का आहे ते बघू. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्यात ७५ टक्के शेअर आहेत, उरलेल्या दोघांत ६०. समजा एखाद्या काळात शेअरनी वर्षाला १२ टक्के दिले आणि रोख्यांनी २. मग ७५-२५ च्या फंडाला साडेनऊ टक्के मिळतात, ६०-४० च्या फंडाला आठ. दीड टक्क्याचा फरक पडला, आणि तो पाडायला फंड मॅनेजरला काहीच करावं लागलं नाही. शेअर जास्त होते आणि शेअर चढले, एवढंच. उलट बाजूही बघा. शेअर निम्म्यावर आले आणि रोखे जागेवर राहिले, तर पहिला फंड साडेसदतीस टक्के खाली येईल, बाकीचे दोन तीस टक्के. असं होत नाही असं समजू नका. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात जगातल्या विकसित बाजारांचे शेअर मिळून निम्म्याहून जास्त पडले होते.

परताव्याचं दुसरं कारण देश. पहिल्या फंडातल्या शेअरपैकी ८० टक्के एकट्या अमेरिकेतले आहेत. ७५ चे ८० टक्के म्हणजे ६०. नाव ‘जागतिक’, पण तुमच्या दर शंभरातले साठ एका देशाच्या शेअर बाजारात. तो देश गेली बरीच वर्षं जोरात चालला, म्हणून फंड यादीत वर आला. याच अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० या तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने लाभांश धरूनही किंचित तोटाच दिला, आणि त्याच दशकात भारत, चीन, ब्राझील यांसारख्या उदयोन्मुख देशांच्या बाजारांनी उत्तम कमाई करून दिली. तेव्हा याद्यांमध्ये वर असलेले फंडही वेगळेच होते. २००७ साली मी स्वतः एका कुटुंबाला तीन वर्षांचा परतावा बघून उदयोन्मुख देशांकडे झुकलेला फंड सुचवला होता. पुढच्याच वर्षी त्यांचे पैसे निम्म्याखाली आले आणि त्यांनी तळाला विकून टाकलं. ती चूक माझी होती. तेव्हापासून परताव्याचा तक्ता मी सर्वांत शेवटी उघडतो.

याचा अर्थ अमेरिका टाळा असा नाही. जागतिक निर्देशांकांतल्या सगळ्या कंपन्यांचं वजन एकत्र केलं तर साठ टक्क्यांच्या आसपास तिकडचंच भरतं, त्यामुळे इंडेक्स प्रामाणिकपणे पाळणाऱ्या फंडातही ती मोठीच दिसणार. त्या प्रमाणाच्या पुढे जाऊन फंडाने किती पैज लावलीय, हे मात्र बघायचं. जपानचं उदाहरण मी प्रत्येकाला देतो. १९८९ च्या अखेरीस जागतिक निर्देशांकांत जपानचा वाटा सुमारे ४० टक्के होता. तेव्हा जपान कमी ठेवणारा मॅनेजर वेडा ठरत होता. त्या वर्षी २९ डिसेंबरला तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर बंद झाला, आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं. आज जागतिक निर्देशांकांत जपान पाच-सहा टक्क्यांवर आहे. ज्याचे पैसे जगभर पसरलेले होते त्याला हा काळ सोसला, ज्याचे सगळे जपानमध्ये होते त्याचं उमेदीचं आयुष्य त्यात गेलं. जगभर पसरण्याचं खरं कारण हेच आहे. उद्या कोणता देश धावेल हे ओळखता येत नाही, आणि न ओळखताही आपलं भागलं पाहिजे.

‘जागतिक’ शब्दाखाली काय येतं तेही एकदा तपासा. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीचा एमएससीआय वर्ल्ड हा निर्देशांक नावाने जगाचा असला तरी त्यात फक्त २३ विकसित देश आहेत. भारत, चीन, ब्राझील त्यात नाहीत. ते हवे असतील तर एमएससीआयचाच एसीडब्ल्यूआय किंवा फुट्सी या दुसऱ्या कंपनीचा ऑल-वर्ल्ड बघावा लागतो. दक्षिण कोरियाला एमएससीआय उदयोन्मुख मानते आणि फुट्सी विकसित, म्हणजे शिक्का कोण मारतंय यावरही बदलतं. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फंडाचा बेंचमार्क (ज्याच्याशी फंडाची तुलना होते तो निर्देशांक) दोन्ही प्रकारचे देश धरणारा आहे, पहिल्याचा तसा नाही. कंपनीची नोंदणी कुठे आहे यावरून फार निष्कर्ष काढू नका. नेस्ले स्विस कंपनी आहे, पण तिच्या विक्रीत स्वित्झर्लंडचा वाटा नाममात्र आहे.

आता ज्या भागाकडे कुणी बघत नाही तिकडे येतो. रोखे.

बॅलन्स्ड फंडात रोखे ठेवतात ते तोल सांभाळायला. शेअर पडतात त्या दिवशी फंडाच्या पोटात काहीतरी जागेवर उभं असावं लागतं. ते उभं असेल तर तुम्हालाही धीर राहतो, आणि मॅनेजरला त्यातलं थोडं विकून स्वस्त झालेले शेअर घेता येतात. आकड्यात बघा. शंभरात ६० शेअर, ४० रोखे. शेअर तीस टक्के पडले, रोखे तसेच राहिले. आता ४२ आणि ४०, एकूण ८२. पुन्हा ६० टक्के शेअर करायचे तर ४९.२ हवेत, म्हणजे ७.२ चे रोखे विकून शेअर घ्यायचे. हे काम तुम्ही स्वतः त्या दिवशी कधीच करणार नाही. मीही करताना कचरतो. फंड ते नियमाने करतो, आणि माझ्या मते एकच बॅलन्स्ड फंड घेण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच. पण हे सगळं चालतं कधी? रोखे जागेवर राहिले तरच.

२०२० च्या उन्हाळ्यात एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. फंडाच्या नावातच ‘ग्लोबल बॅलन्स्ड’ होतं, ५५ टक्के शेअर, ४५ टक्के रोखे. मार्चमधल्या कोविडच्या पडझडीत तो शेअर फंडाइतकाच पडला होता आणि असं का झालं ते त्यांना कळत नव्हतं. आम्ही संपूर्ण पोर्टफोलिओ छापून घेतला. रोख्यांची चार पानं होती. मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारू. पैसे कुणाला उसने दिलेत, त्याचं पतमानांकन (पैसे परत करण्याच्या ऐपतीचा दर्जा) काय, आणि ते कोणत्या चलनात परत येणार. ज्या ओळीत भक्कम देणेकरी आणि त्यांच्या स्वतःच्या खर्चाचं चलन दोन्ही जमेल, तिथे बरोबरची खूण करायची. चार पानांत सात खुणा झाल्या. बाकी सगळे कमी पतमानांकनाच्या कंपन्यांचे आणि दूरदूरच्या देशांचे रोखे, जास्त व्याजासाठी घेतलेले. असे रोखे चांगल्या काळात रोख्यांसारखे वागतात आणि संकटात शेअरसारखे. बाई बराच वेळ त्या सात खुणांकडे बघत राहिल्या. त्यांना कुणी खोटं सांगितलं नव्हतं, सगळं छापलेलंच होतं. ते पान उघडायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा, की शेअर हवे तेवढे जगभर फिरू द्या, पण रोख्यांचा भाग तुम्ही ज्या चलनात भाजी आणि वीजबिल भरणार आहात त्या चलनाशी बांधलेला असू द्या. दोन मार्ग आहेत. एक तर रोखे तुमच्याच चलनातले असतील, किंवा परदेशी रोखे असले तर त्यांचं चलन हेज केलेलं असेल. हेजिंग म्हणजे पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच ठरवून टाकणं. त्याचा खर्च किंवा फायदा साधारण दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकाइतका येतो. तुमच्या चलनाचा व्याजदर जास्त असेल तर हेजिंगमधून उलट थोडे पैसे मिळतात, कमी असेल तर थोडे जातात.

शेअरचं हेजिंग करावं का, असंही तुम्ही विचारलंय. इथे मी तेवढा आग्रही नाही. शेअरची स्वतःचीच चढउतार इतकी असते की चलनाची हालचाल त्यात बऱ्यापैकी मिसळून जाते, आणि परकं चलन कधीकधी ढाल होतं. २४ जून २०१६ ला युरोपीय संघ सोडण्याबद्दलच्या ब्रिटनच्या सार्वमताचा निकाल लागला आणि पौंड एका दिवसात डॉलरच्या तुलनेत सुमारे आठ टक्के घसरला. ज्या ब्रिटिश माणसाकडे हेज न केलेले परदेशी शेअर होते, त्याच्यासाठी त्यांची पौंडातली किंमत सावरली गेली. उलट प्रकार १५ जानेवारी २०१५ चा. स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकची धरून ठेवलेली पातळी अचानक सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. परदेशी चलनात पैसे असलेल्या स्विस माणसाचे फ्रँकमधले आकडे शेअर न पडताही पडले. रोख्यांत असा धक्का बसला तर वर्षानुवर्षांचं व्याज एका सकाळी जातं. शेअरमध्ये सोळा वर्षांच्या मुदतीत तो पचतो. यावरून मी शेअर बिनहेज आणि रोखे हेज असा नियम पाळतो.

रोख्यांबद्दल अजून एक गोष्ट, म्हणजे ड्युरेशन. फॅक्टशीटमध्ये हा आकडा असतोच. ड्युरेशन ७ असेल तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर रोख्यांची किंमत साधारण सात टक्के पडते. २०२२ मध्ये हेच झालं. एस अँड पी ५०० सुमारे १८ टक्के पडला आणि त्याच वर्षी अमेरिकेतला उत्तम प्रतीच्या रोख्यांचा मुख्य निर्देशांकही १३ टक्के पडला. अनेकांनी तेव्हा बॅलन्स्ड फंड संपले असं म्हटलं. मला तसं वाटत नाही. व्याजदर जवळजवळ शून्यावरून चढले होते आणि पडलेल्या रोख्यांवर पुढचं व्याज वाढलं. पण शेअर आणि रोखे एकाच वर्षी पडू शकतात हे मनाशी धरूनच आत शिरा, नाहीतर तसं वर्ष आलं की २०२० सारखं पुन्हा विकाल. तुमच्या तिन्ही फंडांत ड्युरेशन ६ ते ७ आहे. सोळा वर्षांच्या मुदतीला ते चालेल. शेवटच्या चार-पाच वर्षांत कमी ड्युरेशनचं काहीतरी जोडीला घ्यावं लागेल.

खर्चाबद्दल थोडक्यात. पहिल्याचा एक्स्पेन्स रेशो (फंड दरवर्षी कापतो तो खर्च) दीड टक्का आहे, तिसऱ्याचा ०.३. खर्चाआधी दोघांनी वर्षाला सात टक्के कमावले असं धरा. वीस वर्षांनी शंभराचे एकीकडे सुमारे २९२ होतात, दुसरीकडे ३६६. चौऱ्याहत्तरचा फरक, म्हणजे सुरुवातीला घातलेल्या रकमेच्या तीन चतुर्थांश. तुमचा दुसरा फंड इतर फंडांत पैसे घालणारा आहे. आतल्या फंडांचा खर्च वरच्या आकड्यात धरलाय का, ते माहितीपत्रकात शोधा. वर ०.६ लिहिलेलं असतं आणि आत अजून तेवढंच कापलं जातं, असं मी अनेकदा पाहिलंय. शिवाय परदेशी लाभांशावर त्या त्या देशाचा कर आधीच कापला जातो. अमेरिकेचा मूळ दर परदेशी गुंतवणूकदारासाठी ३० टक्के आहे, दोन देशांत कर-करार असेल तिथे कमी. तो एक्स्पेन्स रेशोमध्ये दिसत नाही, पण परताव्यातून वजा झालेला असतो.

जुनं नाव म्हणून दुसऱ्या फंडाकडे तुमचा ओढा दिसतो. वयाला मान आहे, पण फंडाने आपलं प्रमाण पाळलंय का हे त्याहून जास्त मोलाचं. अमेरिकेतला वेलिंग्टन फंड १९२९ सालचा, वॉल्टर मॉर्गन यांनी सुरू केलेला, जगातल्या सर्वांत जुन्या बॅलन्स्ड फंडांपैकी एक. शेअरसोबत रोखे आणि रोकड धरून ठेवल्यामुळे तो १९२९ च्या पडझडीतून तरला. साठच्या दशकाच्या शेवटी मात्र तेजीच्या भरात त्यातलं शेअरचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच वर नेलं गेलं आणि १९७३-७४ च्या मंदीत त्याला जबर फटका बसला. पुढे व्हॅनगार्ड ही फंड कंपनी उभी करणारे जॉन बोगल तेव्हा तिथे प्रमुख होते आणि त्या काळातली आपली चूक त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केली. मग शेअरचं प्रमाण पुन्हा ६० ते ७० च्या पट्ट्यात बांधलं गेलं आणि फंड सावरला. तुमच्या दुसऱ्या फंडाच्या माहितीपत्रकात शेअर ‘४० ते ८० टक्के’ अशी मुभा लिहिलेली आहे. चाळीस आणि ऐंशी हे दोन वेगळे फंड आहेत. गेल्या दहा वर्षांच्या वार्षिक अहवालांतून दर वर्षअखेरीचं प्रमाण एका कागदावर लिहून काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. ५५ ते ६५ मध्येच खेळलं असेल तर ठीक. तेजीत ७८ आणि मंदीत ४५ दिसलं, तर मॅनेजर वेळ साधायला बघतोय आणि तीही चुकीच्या बाजूने.

तर आता तुमचे तीन फंड. पहिला मी तुमच्यासाठी बाद करतो. शेअर ७५ टक्के, त्यात एकाच देशावर भर, आणि रोख्यांपैकी जवळजवळ निम्मे कमी पतमानांकनाचे. २०२० मध्ये घाबरून विकलेल्या माणसाला तो पुन्हा घाबरवेल. दुसऱ्यात शेअरची निवड मला आवडली, अमेरिकेचं प्रमाण जगाच्या जवळपास आहे. पण रोखे जगभरचे आणि बिनहेज आहेत. तुम्ही निवृत्तीनंतर दोन-तीन देशांत राहणार असतात तर मी वेगळा विचार केला असता. तुमचा सगळा खर्च एकाच चलनात होणार आहे, त्यामुळे हा तोल तुमच्या कामाचा नाही. तिसऱ्यात ६०-४० हे प्रमाण नियमाने बांधलेलं आहे, शेअर दोन्ही प्रकारच्या देशांतले, रोखे सरकारी आणि उच्च प्रतीचे, तुमच्या चलनात हेज केलेले, आणि खर्च सर्वांत कमी. त्याचा पाच वर्षांचा परतावा पहिल्यापेक्षा दोन टक्के कमी दिसतो. त्यातला बराचसा जास्त शेअरमधून कसा येतो ते वर सांगितलंच, उरलेला एका देशाच्या तेजीतून. मी तिसरा घेईन.

एक शंका माझ्या मनात राहते. तुम्ही लिहिलंय की तुमच्या पत्नीला सरकारी पेन्शन मिळणार आहे. ती रक्कम घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार उचलणार असेल, तर पेन्शन म्हणजे तुमच्या घरातला एक मोठा रोखाच झाला, आणि मग ६० टक्क्यांवर थोडे जास्त शेअर परवडतील. पण त्यासाठी पहिला फंड नको. तिसऱ्यासोबत त्याच निर्देशांकाचा, फक्त शेअर असलेला फंड लहान प्रमाणात जोडा. दोन फंड सांभाळायचा कंटाळा येणार असेल तर तेही नको.

सगळी रक्कम एकदम घालू की हप्त्याने, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला गणिताचं उत्तर एकदम घाला असं आहे, कारण बाजार पडण्यापेक्षा चढण्यात जास्त काळ घालवतो. तुमच्यासाठी मी बारा महिन्यांचे समान हप्ते सुचवेन. घातल्यावर दुसऱ्याच महिन्यात पंधरा टक्के खाली गेलं तर तुम्ही काय कराल, हे तुम्हीच २०२० मध्ये सांगून ठेवलंय. हप्त्यांच्या तारखा आजच लावून टाका, आणि पेन्शनचा आकडा मला कळवा, म्हणजे शेअरच्या प्रमाणाबद्दल नक्की सांगता येईल.